संकटनिवारणाच्या पलीकडे : दीर्घकालीन आत्महत्याविचार आणि अमेरिकेतील मानसोपचार

आत्महत्येचा विचार हे तापाप्रमाणे चढणारे व उतरणारे संकट होय, ही दृष्टी विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत दृढ झाली. १९४९ साली एडविन श्नाइडमन यांना लॉस अँजेलिसच्या कॉरोनरच्या कचेरीत आत्महत्या करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा मोठा साठा आढळला. नॉर्मन फारबेरो यांच्यासह त्यांनी त्यांचा अभ्यास केला व १९५८ साली, रॉबर्ट लिटमन यांच्या साहाय्याने, त्या शहरात आत्महत्या-प्रतिबंध केंद्र उभे राहिले. मरणेच्छेत जगण्याची इच्छाही मिसळलेली असते आणि तिचा तीव्र आवेग अल्पकाळच टिकतो, हे या केंद्राचे गृहीत होते. ते फलदायी ठरले, यात शंका नाही. परंतु ज्याच्या मनात हा विचार वर्षानुवर्षे वस्तीस आहे, त्याचे काय? संकट सरल्यावर साहाय्यही सरावे, अशा व्यवस्थेत त्याला सोयीचे स्थान नव्हते.

या प्रश्नाला एक विलक्षण साधे उत्तर सॅन फ्रॅन्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी शोधले. १९६९ ते १९७४ या काळात नैराश्य वा आत्मघातकी प्रवृत्तीमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ३००५ व्यक्तींपैकी ८४३ जणांनी पुढील उपचार नाकारले अथवा सोडून दिले. त्यांचे यदृच्छेने दोन गट करण्यात आले. एका गटातील प्रत्येकास पाच वर्षांत चोवीस पत्रे जावयाची होती : प्रथम दरमहा, मग दोन महिन्यांनी, नंतर तिमाहीस. पत्रात उपदेश नसे, चौकशी नसे, भेटीचा आग्रहही नसे. केवळ क्षेमाची इच्छा आणि वाटल्यास दोन ओळी लिहाव्यात, इतकेच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार पत्रे मिळणाऱ्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण पहिल्या दोन वर्षांत लक्षणीयरीत्या कमी होते. पुढे हा फरक ओसरत गेला, आणि इतरत्र झालेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे आले नाहीत. तथापि काहीही न मागणाऱ्या संबंधाची शास्त्रीय कसोटी घेतली गेली, हेच मोठे होय.

दरम्यान व्यवहारात निराळीच प्रथा रूढ झाली. १९७३ साली ड्राय व गोल्डिंग दांपत्य यांनी रुग्णाने स्वतःच स्वतःचा धोका जोखावा म्हणून एक निश्चयवाक्य सुचविले होते. त्याचे पुढे ‘करारपत्र’ झाले, आणि रुग्णाच्या सहीचा आधार रुग्णापेक्षा संस्थेलाच अधिक वाटू लागला. २०१२ साली बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी विशद केलेल्या सुरक्षायोजनेत वचनाऐवजी रुग्णासह लिहिलेली कृतींची क्रमवार यादी आली.

सर्वांत मूलगामी फेरविचार मात्र सिॲटल येथील मार्शा लिनेहन यांचा. त्यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचारात रुग्णाचे दुःख खरे आहे ही स्वीकृती आणि त्याने बदलले पाहिजे ही अपेक्षा, अशा दोन्ही बाजू एकाच वेळी धरल्या जातात. रुग्णाने आत्मघातापूर्वी दूरध्वनी करावा. इजा करून घेतल्यावर मात्र चोवीस तास दूरध्वनीवरील असे साहाय्य मिळत नाही. नियम कठोर भासतो. पण साहाय्य मिळण्यासाठी इजा व्हावीच लागते, ही साखळी त्याने तुटते. १९९१ च्या प्रयोगात या उपचाराने आत्मघातकी कृती व रुग्णालयातील दिवस घटले. परंतु आत्महत्याविचार, निराशा व नैराश्य यांबाबत नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाशी फरक दिसला नाही; दोन्ही गटांत ती सारखीच उतरली. हा निष्कर्ष पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. विचार पुरता मावळण्यापूर्वीही कृती आवरता येते, असा त्याचा अर्थ. आणि तेव्हा उपचारकाचे काम ‘हा विचार केव्हा जाईल’ हे विचारीत बसण्याचे न राहता तो असतानाही जगण्याजोगे आयुष्य रचण्याचे ठरते.

लिनेहन यांना हे केवळ ग्रंथांतून कळले नव्हते. १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या व तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी २०११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच रुग्णालयातील व्याख्यानात प्रथम जाहीरपणे सांगितली.