लाल तेल आणि आपोआप पडणारे गिअर

२ नोव्हेंबर १९८३ रोजी कॅनडातील विंडसर येथील कारखान्यातून क्रायस्लर कंपनीची पहिली मिनिव्हॅन बाहेर पडली. चारच वर्षांपूर्वी ही कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती. १९८० मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली म्हणून ती तगली. डॉज कॅरव्हान आणि प्लिमथ व्हॉयेजर या नावांनी विकल्या गेलेल्या या गाडीने तिला चांगलाच हात दिला. घरातली सगळी माणसे बसावीत, मागे सामान राहावे आणि तरी गाडी घराच्या गॅरेजमध्ये मावावी, अशी ही घरगुती सोय होती. मुलांना शाळेत सोडण्यापासून सुटीतल्या लांबच्या प्रवासापर्यंत सगळे तिच्यावरच चाले.

या गाडीला १९८९ च्या मॉडेलपासून एक नवा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला. त्याचे नाव अल्ट्राड्राइव्ह. त्यात चार गिअर होते आणि कोणता गिअर केव्हा टाकायचा हे संगणक ठरवी. सुरुवातीच्या वर्षांत तो इतक्या गाड्यांत बिघडला की त्याचे नाव बदनाम झाले. कुटुंबे मोठा खर्च सोसून त्या जागी पुन्हा बांधलेला, म्हणजे 'रिबिल्ट', गिअरबॉक्स बसवून घेत. त्यांतलेही काही लवकरच धक्के देऊ लागत. सुटे भाग नवे, मिस्त्री अनुभवी, मग दुखणे कुठे होते? उत्तराचा मोठा भाग तेलात होता. ते समजण्यासाठी आपल्याला जरा मागे जावे लागेल.

दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. दुसऱ्या पंख्याची पातीही फिरू लागतात. दोघांना जोडणारे काहीच नाही, आहे ती फक्त हवा. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात अगदी जवळ आणा, की झाली द्रव-जोडणी. इंजिन चालू असताना गाडी सिग्नलला उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. तेल नुसते घुसळले जाते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर स्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. त्याच्यापुढचा प्रश्न मोटारीचा नव्हताच. बाष्पटर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. त्यांची सांगड कशी घालायची, हा तो प्रश्न. १९०५ मध्ये त्याने आपल्या यंत्रणेचे पेटंट घेतले. दोन पंख्यांच्या मध्ये त्याने न फिरणारी पाती बसवली. परतणाऱ्या तेलाची दिशा ही पाती अशी वळवतात की पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो. आजच्या मोटारींत गाडी हलताना तो सुमारे दुपटीपर्यंत जातो. हाच टॉर्क कन्व्हर्टर.

मोटारीत हे यायला वेळ लागला. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलसाठी हायड्रामॅटिक जाहीर केला. त्यात साधी द्रव-जोडणी आणि मागे सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी रचलेली दातेरी चाके होती. दुसऱ्या महायुद्धात तो रणगाड्यांतही बसवला गेला. टॉर्क कन्व्हर्टर असलेला ब्यूक कंपनीचा डायनाफ्लो १९४८ चा. (आपल्याकडे २०१४ पासून ज्या स्वस्त 'ऑटोमॅटिक' गाड्या दिसू लागल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत हे काहीच नसते. नेहमीच्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि दांडा तिथे यंत्र हलवते, एवढेच.)

अशा गिअरबॉक्समध्ये तेलाला किती कामे असतात पाहा. ते इंजिनाची शक्ती पुढे पोचवते, दाब देऊन गिअर टाकते, उष्णता वाहून नेते आणि वंगणाचे काम तर करतेच. या सगळ्यापेक्षा अवघड काम वेगळेच आहे. गिअर बदलतो तेव्हा आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्या तेलात बुडालेल्या असतात आणि तरी त्यांनी एकमेकींना धरायचे असते. म्हणजे तेलाने घर्षण कमी करायचे, पण हवे तेवढेच!

फळ्यावर खडू एका ठरावीक कोनात धरून ढकलला की तो किंचाळतो आणि रेघेऐवजी ठिपके उमटतात, हे वर्गात सगळ्यांनीच अनुभवलेले असते. खडू चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा बरेच जास्त असले की असे होते. क्लचमध्ये हेच झाले की गाडी थरथरते. तेव्हा तेलात असा पदार्थ हवा की जो धातूच्या पृष्ठभागाला धरून बसेल आणि चकत्या थांबता थांबता घर्षण एकदम वाढू देणार नाही.

कित्येक वर्षे हा पदार्थ समुद्रातून येत होता. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाचा मोठा भाग आपल्या गोडेतेलासारखा ट्रायग्लिसराइडचा नसतो. तो मेणवर्गीय एस्टरांचा असतो. हे रेणू लांब असतात आणि उष्णतेला चांगले टिकतात. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकले आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. जनरल मोटर्सला आपल्या डेक्सरॉन तेलाची नवी आवृत्ती करावी लागली. तिच्या पहिल्या रूपाने तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे डाख खाल्ले आणि १९७५ मध्ये गंजरोधक घालून तिची सुधारणा करावी लागली. जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतही तसेच मेणवर्गीय एस्टर असतात, म्हणून तिकडे लक्ष वळले. आज राजस्थानातही जोजोबाची लागवड होते.

आता पुन्हा मिनिव्हॅनकडे. जुन्या गिअरबॉक्समध्ये क्लचबरोबर घट्ट आवळणारे पट्टे आणि एकाच दिशेने फिरणारे क्लच असत. वेळेची थोडी चूक ते सांभाळून घेत. अल्ट्राड्राइव्हमध्ये ते काढून टाकले. उरले ते पाच क्लच-संच, तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या विद्युतझडपा आणि त्या चालवणारा संगणक. एक संच सुटणे आणि दुसरा धरणे यांची वेळ नेमकी जुळवायची, तर तेलाचे घर्षणही नेमके ठाऊक हवे. कंपनीने त्यासाठी स्वतःचे वेगळे तेल नेमले होते. मात्र ते मिळाले नाही तर डेक्सरॉन चालेल, असेही गाडीच्या पुस्तिकेत छापले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत महाग वाक्य असावे. दोन्ही तेले लालच. गॅरेजमध्ये डेक्सरॉन हाताशी असे, आणि पुस्तिकेची परवानगी असल्यावर मिस्त्रीला तरी दोष कसा द्यायचा? अर्थात सगळा दोष तेलाचा नव्हता. रचनेतही उणिवा होत्या आणि कंपनीने भाग व संगणकाच्या आज्ञा पुढे अनेकदा बदलल्या. पण चुकीच्या तेलावर चालणारा गिअरबॉक्स कितीही वेळा बांधला तरी थरथरणारच. संगणकाला काही गंभीर चूक दिसली की तो गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये अडकवून ठेवी, म्हणजे रांगत का होईना घर गाठता यावे.

पुन्हा बांधणे म्हणजे बाहेरचे कवच आणि चांगली दातेरी चाके ठेवून क्लचच्या चकत्या, सीले, बुश असे झिजणारे भाग बदलणे. एक गोष्ट सहज राहून जाते. जळालेल्या चकत्यांचा भुगा आणि धातूचे कण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि रेडिएटरजवळच्या तेल थंड करणाऱ्या नळ्यांत साचलेले असतात. कन्व्हर्टर बदलला नाही, नळ्या धुतल्या नाहीत, तर जुना कचरा पहिल्याच फेरीत नव्या गिअरबॉक्समध्ये शिरतो. शिवाय अल्ट्राड्राइव्हच्या संगणकाने जुन्या, झिजलेल्या चकत्यांना भरायला किती तेल लागते ते लक्षात ठेवलेले असते. नव्या चकत्यांबरोबर त्याला पुन्हा शिकवावे लागते.

पुढची निगा साधी आहे, पण तिच्यातही गोम आहे. या गाड्यांच्या तेलपात्राला खाली बूच नाही. पात्रच उतरवावे लागते. तसे केल्यावर एकूण नऊएक लीटरपैकी चारेक लीटरच तेल बाहेर येते. बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते आणि नव्यात मिसळते. तेलाची पातळी गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून पाहायची, कारण थंड तेल आकुंचन पावलेले असते. पूर्वी मिस्त्री डिपस्टिकवरचे तेल बोटावर घेऊन रंग पाहत आणि वास घेत. लाल म्हणजे चांगले, काळपट आणि करपट म्हणजे चकत्या जळल्या. क्रायस्लरने १९९८ च्या सुमारास आणलेले एटीएफ प्लस फोर हे तेल जुन्या अल्ट्राड्राइव्हमध्येही चालते आणि जास्त टिकते. त्याचा लाल रंग मात्र थोड्याच वापरात तपकिरी होतो आणि वासही बदलतो, त्यामुळे या तेलाला ती बोटाची परीक्षा लागू पडत नाही.