अंगातून मनात गेलेले शब्द

दहा-बारा वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात मी एक ठाम विधान केले होते. मराठीत वेगाला शब्द आहेत, सौंदर्याला आहेत, पण वेगवान असूनही देखण्या अशा हालचालीला धड शब्द नाही, असे मी म्हणालो. टाळ्या पडल्या. आपल्या भाषेत अमुक नाही असे सांगितले की मराठी श्रोता का कोण जाणे, खूश होतो. ते विधान मी आज मागे घेतो आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी मल्लखांबाच्या स्पर्धा झाल्या. शब्दांत रमणारा माणूस म्हणून निवेदन माझ्याकडे आले. मल्लखांबाला मी जन्मात हात लावलेला नाही. चार मुले होईतो माझे ‘चपळ’, ‘लवचिक’ आणि ‘डौलदार’ संपले. पाचव्यापासून तेच उलटसुलट करून वापरू लागलो. चहाच्या सुट्टीत एक वृद्ध वस्ताद जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, पोरगं करतंय काय, ते कधी सांगणार?”

त्या रात्री घरी येऊन कोश उघडले. पहिला ‘चपळ’च पाहिला. आज हा निखळ कौतुकाचा शब्द आहे. मूळ संस्कृत ‘चपल’ तसा नाही. तो वेगवान आहे तसाच अस्थिर, उतावळाही आहे. वीज चपला, आणि एका घरात न टिकणारी लक्ष्मीही चपलाच. नाट्यशास्त्रात जे तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत त्यांत चपलता आहे. ती राग, द्वेष, मत्सर यांतून उपजते आणि कठोर बोलण्यातून, मारहाणीतून दिसते. म्हणजे या शब्दाच्या अंगाला पहिल्यापासून थोडा संशय चिकटलेला आहे. मराठीने तो बराचसा धुऊन काढला, हे मराठीचे श्रेय.

‘लाघव’चा प्रवास उलटा झाला. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची फळे मोजली आहेत. कामाची ताकद, प्रदीप्त अग्नी, मेदाचा क्षय ही सारी नंतर येतात; सर्वांत पहिले नाव लाघवाचे. शरीराचा हलकेपणा. मी ज्या शब्दाच्या शोधात होतो तो हाच. आज मात्र ‘लाघवी’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो गोड बोलून आपले काम साधणारा माणूस. तो आयुष्यात एक जोर न काढताही लाघवी असू शकतो.

‘चलाख’चीही तीच गत. फारसीतला ‘चालाक’ हा चपळ, झटपट हालणारा. आपल्याकडे येऊन तो बुद्धीत शिरला आणि ‘चलाखी’पर्यंत पोहोचता पोहोचता सरळ लबाड झाला. त्याचे जुने शरीर एकाच ठिकाणी शिल्लक आहे, ते म्हणजे हातचलाखी. तीही जादूगाराची, फसवणारीच. ‘पवित्रा’ हा फरीगदग्यातला, पट्ट्यातला पायाचा शब्द, हिंदी पैंतऱ्याचा सख्खा भाऊ. प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवून पाऊल कुठे टाकायचे, याचे ते शास्त्र. आता तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर राहतो. आक्रमक पवित्रा घेणाऱ्या पुढाऱ्याला पाऊल टाकावे लागत नाही, खुर्चीही सोडावी लागत नाही.

मग अंगात उरलेले शब्द कुठले? लचक, मुरड, झोक. यांच्याशी मी बराच वेळ अडून बसलो. कंबरेची लचक म्हणजे देखणेपण आणि लचक भरली म्हणजे दुखणे. झोकात चालणे म्हणजे रुबाब, झोक जाणे म्हणजे तोल सुटणे. एकच शब्द नृत्यालाही आणि इजेलाही. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना ठाऊक होते की सुंदर हालचाल पडण्यापासून बोटभर अंतरावर असते. पण हे शब्द आपण फडावरच्या बाईला देऊन टाकले आणि वर नाके मुरडली. पुरुषाला उरला डौल; तोही बैलाशी नि घोड्याशी वाटून घ्यावा लागतो.

कोशांनी इथवर आणले. पुढचे आखाड्यात मिळाले. त्या वस्तादांकडे मी महिनाभर संध्याकाळी जाऊन बसलो. एरंडेल लावलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब, त्याची मान, त्यावरचे बोंड. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात मल्लस्तंभ येतो. आजच्या मल्लखांबाला वळण दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातल्या बाळंभटदादा देवधरांनी. वानरांच्या उड्या पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, पण या विद्येची नावे मुख्यतः तोंडातोंडीच चालत आली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोश काढला, त्यात त्यांना कागद मिळाला.

काय ती नावे! वेल, फरारा, ताजवा, बगली, दसरंग, सुईदोरा. हातांची कडी करून तिच्यातून स्वतःचेच अंग दोऱ्यासारखे ओवायचे, तो सुईदोरा. यात विशेषण एकही नाही. वस्ताद मुलाला ‘डौलदार कर’ असे कधी म्हणाले नाहीत. “पाय गोळा कर”, “मान सोड”, “श्वास धर” एवढेच. मी विशेषणे हुडकत होतो आणि भाषा नामांत नि क्रियापदांत बसली होती.

आणि मग अढी. पायांनी खांबाला घालायचा विळखा म्हणजे अढी; याच्या जोडीला तेढी आहे. (आंबे पिकत घालतात ती अढी वेगळी, तिच्यामागे लागून मी दोन दिवस घालवले.) हाच शब्द मनात गेला की माणसे एकमेकांविषयी अढी धरतात, आणि गावागावांत तेढ निर्माण होते. ही व्युत्पत्ती मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही, पण मला ती पटली आहे. मनातली अढी सुटत नाही म्हणून आपण हळहळतो. खांबावर मात्र सात-आठ वर्षांची मुलगी अढी घालते, दोन्ही हात मोकळे सोडते आणि उलटी लटकून आईला शोधत हसते. अढी सुटली नाही म्हणूनच ती हसू शकते.

यंदाच्या स्पर्धेचे निवेदनही माझ्याकडेच आले. विशेषणांचा कागद घरी ठेवला आणि मुले जे करत होती त्याचे फक्त नाव घेत गेलो. लोकांनी माना वर केल्या. एक-दोन म्हाताऱ्यांनी माझ्याआधीच नावे पुकारली. सुट्टीत वस्ताद आले. मी कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

“बरं झालं,” ते म्हणाले. “पण तिसऱ्या पोराचा तो दसरंग नव्हता. बगली होती.”