नगरचे खापरी नळ आणि त्यांतला वारा

1490 मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात, सीनेच्या काठी, त्याच्या निजामशाहीची राजधानी नगर उभी राहिली. ही जागा लष्करी दृष्टीने सोयीची असली, तरी पाण्याच्या दृष्टीने अवघड होती. जिल्हा पर्जन्यछायेतला, आणि सीना उन्हाळ्यात आटणारी. म्हणून शहराभोवतीच्या उंच भागातले पाणी खाली आणले गेले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणांहून निघालेल्या नहरींवर वस्ती, मशिदी, हौद आणि बागा चालत. 1583 मध्ये सलाबतखानाने पूर्ण केलेला फराहबागेतला महाल तर मोठ्या तलावाच्या मधोमध उभारला होता. तलाव भरलेला राहिला तरच त्या महालाला अर्थ होता.

या नहरींचा जीव म्हणजे खापरी नळ. भाजलेल्या मातीचे हे तुकडे एका टोकाला निमुळते असत. एकाचे तोंड दुसऱ्यात बसवायचे, सांधा चुन्याने भरायचा आणि वरून बांधकामाचे कवच घालायचे, अशी रीत होती. आतला पृष्ठभाग मात्र कधीच गुळगुळीत नसे. भाजणीचा खरबरीतपणा, सांध्यातून आत आलेला चुना, कालांतराने चढणारे क्षारांचे थर आणि गाळ, या सगळ्याने पाणी भिंतीजवळ अडखळते, त्यात भोवरे उठतात आणि ऊर्जा खर्च होते.

या नुकसानीचा हिशेब पुष्कळ उशिरा मांडला गेला. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून शांत प्रवाह संक्षुब्ध कसा होतो ते दाखवले. योहान निकुराड्झे यांनी जर्मनीत नळांच्या आत वाळूचे कण चिकटवून प्रयोग केले आणि 1933 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवाह पुरेसा वेगवान झाला की घर्षणाचा गुणांक भिंतीचा खरबरीतपणा आणि नळाचा व्यास यांच्या गुणोत्तरावरच ठरतो, हा त्यांचा मुख्य शोध. वेग दुप्पट झाला की दाबाची घट चौपट होते. व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच उतारावर पाणी सहापटींच्या आसपास कमी मिळते. नळात चढलेल्या क्षाराचा थर किती महाग पडतो, हे यावरून कळते. हीच गणिते वाऱ्यालाही लागू पडतात. खाणीतल्या हवेच्या नळांसाठी ती आजही वापरतात.

खापरी नळात पाण्याइतकाच वाराही त्रासदायक. मुखाशी पाण्याबरोबर हवा आत ओढली जाते आणि जमीन जिथे उंचवटा घेते, तिथे नळाच्या माथ्यावर तिचा फुगा अडकतो. वाट अरुंद होते, पाणी थबकते. कोरडी पडलेली नहर घाईने भरली तर दाबलेली हवा धक्के देते. लोखंड हे सोसते, मातीचा सांधा सोसत नाही.

दख्खनमध्ये यावर जो उपाय रुजला, तो पाण्याच्या मनोऱ्यांचा. नळातले पाणी मनोऱ्यात वर चढते, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत हवा सोडते आणि दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढे निघते. गाळ बसायला जागा मिळते. शिवाय पुढच्या टप्प्यातला दाब कुंडीच्या उंचीपलीकडे जात नाही. पुण्याला कात्रजहून पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नहरीवरचे असे उच्छ्वास प्रसिद्ध आहेत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, आणलेल्या नहर-ए-अंबरीवरही मनोरे होते. राजधानीतले नहरींचे ज्ञान त्याच्याबरोबर खडकीला गेले असावे, हा तर्क रास्त वाटतो. ही कामे नुसती ‘शाही हौस’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. सूत्र हाती नसताना मातीच्या नळाची मर्यादा ओळखून, टप्प्याटप्प्याने दाब मोडत पाणी नेणे ही उच्च प्रतीची अभियांत्रिकी होती.

निजामशाही बुडाल्यावर देखभाल सैल झाली, तरी इंग्रजी अमदानीतही शहर जुन्या नहरींचे पाणी पीत होते. पुढे लोखंडी नळ आले, आणि आता शहराला पाणी मुळा धरणातून येते. जमिनीखालचे खापरी नळ मात्र रस्ते आणि इमारतींच्या पायाच्या खोदकामात सहज फुटून जातात. ते सापडतील तिथे खोली, उतार आणि व्यास यांची नोंद करूनच खोदकाम पुढे न्यावे. जुन्या नहरींचे खात्रीचे नकाशे अशा नोंदींतूनच तयार होतील.