लष्करी वैमानिकाचे विमान कंपनीतील पहिले वर्ष

जबलपूर हे मध्य प्रदेशातील छावणीचे शहर आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटची केंद्रे येथे असून, शहरालगतच्या डुमना विमानतळावरून प्रवासी विमाने ये-जा करतात. गणवेश उतरवून अशी विमाने चालवू इच्छिणाऱ्या वैमानिकापुढे पहिल्या वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

नागपूरच्या कुटुंबातील विंग कमांडर दीपक साठे हे या वाटेने गेलेले परिचित नाव. सुमारे २२ वर्षांच्या सेवेनंतर २००३ मध्ये हवाई दल सोडून ते नागरी विमानसेवेत आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथील विमान दुर्घटनेत त्यांचे निधन झाले.

विमान कंपनीत लष्करी हुद्दा ग्राह्य धरला जात नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना घ्यावा लागतो. व्यावसायिक परवान्यासाठी २००, तर कॅप्टनपदाच्या परवान्यासाठी १,५०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. सेनादलातील तास जमेस धरले जातात. मात्र कंपनीच्या विमानाचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. सुरुवात सहसा सहवैमानिक म्हणून होते. प्रशिक्षणकाळात मिळकत मर्यादित असते. पुढे ठरावीक वेतनास उड्डाणाच्या तासांनुसार भत्त्याची जोड मिळते.

या वर्षात खरा आधार निवृत्तिवेतनाचा असतो. किमान २० वर्षे सेवा केलेल्या अधिकाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते व खासगी नोकरीतही ते चालू राहते. १४ वर्षांच्या अल्पसेवा कमिशनवरील वैमानिकास ते मिळत नाही. त्याचे घर पहिले वर्ष नव्या पगारावर आणि साठवलेल्या रकमेवर चालते.