बिब्ब्याचे रसायन आणि वाशिमचे वार्धक्य

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग सांगितले जात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीचा तो पयानघाट, आणि त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढून गेल्यावर लागणारा तो बालाघाट. आजचा वाशिम जिल्हा बहुतांशी या बालाघाटात मोडतो आणि त्याच्या डोंगरउतारांवरील पानझडी जंगलात साग, धावडा, मोह यांच्या जोडीने बिब्ब्याचे झाड उगवते. नारिंगी, मांसल देठावर बसलेले काळे, चपटे, हृदयाच्या आकाराचे फळ म्हणजे बिब्बा. त्याच्या कवचात काळे, दाहक तेल असते, आणि त्या कवचाच्या आत, तेलापासून अलिप्त राहिलेला जो गोडसर गर असतो, तो गोडंबी. ‘बिब्बा घालणे’ म्हणजे जमत आलेले काम बिघडवणे, असा या फळाच्या नावाने मराठीत वाक्प्रचार रूढ आहे. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर दारावर टांगला जातो तोही बिब्बाच, परटाने कपड्यांवर न पुसणारी खूण केली ती याच्याच तेलाने, आणि थंडीत बाळंतिणीच्या व म्हाताऱ्या माणसांच्या डिंकाच्या लाडवात पडते ती याच्याच पोटातील गोडंबी. एकाच फळाकडे विघ्न आणि पोषण या दोन्ही नात्यांनी पाहण्याची ही रीत फार जुनी आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग केवळ वार्धक्यासाठी राखलेले आहे. त्याला रसायन किंवा जराचिकित्सा म्हणतात, आणि त्यात आलेला रोग बरा करण्यापेक्षा शरीराची झीज लांबवणे व रोगाला तोंड देण्याचे बळ टिकवणे हा हेतू असतो. चरकसंहितेत या बळासाठी ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द आला असून अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त याने त्याची फोड दोन प्रकारांनी केली: उद्भवलेल्या व्याधीचा जोर मोडणे आणि व्याधी मुळात उद्भवू न देणे. याच संहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायात भल्लातकाचे, म्हणजे बिब्ब्याचे, रसायनप्रयोग सांगितले आहेत. ज्येष्ठ-आषाढात गोळा केलेली निर्दोष फळे जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवावीत, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत प्रयोगास आरंभ करावा, दहा फळे ठेचून आठपट पाण्यात उकळावीत, अष्टमांश उरलेला काढा दुधाबरोबर घ्यावा, मग रोज एकेक फळ वाढवीत तिसापर्यंत जावे आणि त्याच क्रमाने उतरत यावे, असा तो विधी आहे. काढा घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावण्याची सूचना विशेष लक्षणीय आहे, कारण औषध सांगणाऱ्याला त्या औषधाच्या दाहाची पुरती जाणीव होती हे तिच्यावरून दिसते. पुढील काळात वैद्यांनी विटकरीच्या भुकटीत फळे घोळून तेल कमी करण्याची शुद्धीची पद्धतही रूढ केली.

रसायनाचे सेवन दोन मार्गांनी होत असे. कुटीप्रावेशिक मार्गात खास बांधलेल्या कुटीत दीर्घकाळ एकांतात राहावे लागे, तर वातातपिक मार्गात वारा-ऊन घेत, नित्याचा व्यवहार सांभाळत औषध घेता येई. पहिला मार्ग उघडच ज्याच्याकडे सवड, द्रव्य आणि सेवक आहेत अशा माणसाचा आहे. जराचिकित्सेचे शास्त्र प्राचीन असले तरी वार्धक्य लांबवण्याची चैन फार थोड्यांच्या वाट्याला येत होती, आणि याचा पडताळा वाशिमच्याच अर्वाचीन इतिहासात मिळतो.

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म, म्हणजेच वाशिम, इंग्रजी अमलात ‘बाशिम’ या नावाने जिल्ह्याचे ठाणे होते. 1901 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 3,53,410 भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे 11 टक्क्यांनी घटली होती, आणि त्याचे कारण दुष्काळ हे होते. 1905 मध्ये हा जिल्हाच मोडला गेला व त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वाटले गेले, त्यामुळे पुढची जवळजवळ शंभर वर्षे वाशिमच्या आरोग्याचे आकडे दुसऱ्यांच्या बेरजेत दडून राहिले; स्वतंत्र जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तो 1 जुलै 1998 रोजी. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्या आत होते. याचा अर्थ म्हातारी माणसे नव्हतीच असा नाही, तर इतकी मुले पाळण्यातच दगावत की सरासरी तेवढी खाली येई. ज्या समाजात देवी, पटकी आणि गाठीचा ताप यांतून तरुणपण निभावणे हेच मोठे, त्याला सत्तरीतील शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद का ओसरते हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते.

1918 च्या इन्फ्लुएंझाने, ज्याला लोक मानमोडी म्हणत, हा प्रश्न उलट्या बाजूने मांडला. भारतात एक कोटीहून अधिक बळी घेणाऱ्या या साथीची मध्यप्रांत व वऱ्हाडाला विशेष झळ बसली. मात्र इन्फ्लुएंझा एरवी बालकांवर आणि वृद्धांवर उठतो, तर या वेळी वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे प्रमाणाबाहेर गेली. वृद्धांच्या शरीराने तरुणपणी अशाच एखाद्या विषाणूची गाठ घेतलेली असावी व ती ओळख त्यांच्या कामी आली असावी, असा याचा एक उलगडा संशोधक देतात. तो बरोबर असेल तर म्हातारपण म्हणजे नुसती वजाबाकी असे म्हणता येत नाही, कारण रोगप्रतिकारक यंत्रणा जुने विसरत नाही, नवे शिकण्यात मात्र ती मागे पडते.

हे असे का होते, ते समजण्यास 1961 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी जॅक मिलर यांनी लंडनमध्ये उंदरांवरील प्रयोगांतून, छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीशिवाय प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही, हे दाखवून दिले. मराठी परिभाषेत या ग्रंथीला यौवनलोपी असे समर्पक नाव आहे. टी-पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी या ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. पण लहानपणी भरात असलेली ही शाळा तारुण्यापासून आक्रसू लागते, तिच्या जागी चरबी साचते, आणि साठीनंतर शरीराला बहुतेक जुन्याच शिपायांवर भागवावे लागते. त्यातही कित्येक पेशी विभागून विभागून थकलेल्या असतात आणि काही नुसताच सौम्य दाह धुमसत ठेवतात. इटलीतील क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 मध्ये या सततच्या दाहाला वार्धक्याचेच एक लक्षण मानून त्यासाठी वेगळी संज्ञा सुचवली.

योगायोगाने बिब्बाही याच टी-पेशींची गोष्ट सांगतो. बिब्बा अंगावर ‘उततो’, म्हणजे त्याचे तेल लागलेल्या जागी फोड व खाज येते, तेव्हा ते सर्वस्वी भाजणे नसते. तेलातील द्रव्ये त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, त्वचेतील पहारेकरी पेशी ती प्रथिने परकी मानून लसीकाग्रंथींपर्यंत नेतात, आणि तेथे टी-पेशी त्यांची ओळख पटवून घेतात. पहिल्या स्पर्शाला म्हणूनच अनेकदा फारसे काही होत नाही. पुढच्या स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी फोड उठतात, कारण शरीराने तोवर धडा पाठ केलेला असतो. याच विलंबित प्रतिक्रियेचा आधार क्षयाच्या त्वचाचाचणीत घेतला जातो आणि वृद्धांमध्ये ती चाचणी अनेकदा फिकी येते. अंगाची आग करणारी ही शक्तीच वयाबरोबर मंदावत असते. बिब्ब्याच्या घटकांचा दाहशामक परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे, पण त्याने माणसाची उतरती प्रतिकारशक्ती पूर्ववत होते असे सिद्ध झालेले नाही, आणि अशुद्ध बिब्बा पोटात घेणे तर सरळ धोक्याचे आहे.

आज या क्षेत्रात जे थोडे भरवशाचे ज्ञान आहे ते बरेचसे वातातपिक मार्गाचे आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. 2018 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी 55 ते 79 वर्षे वयाच्या, आयुष्यभर सायकल चालवणाऱ्या 125 जणांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातील नव्या टी-पेशींचे प्रमाण तरुणांइतके आढळले. पुरेशी झोप, आहारात प्रथिने, तंबाखू वर्ज्य आणि मधुमेहावर ताबा यांचेही महत्त्व मान्य झालेले आहे. लसी मात्र वेगळ्या तऱ्हेने विचारात घ्याव्या लागतात, कारण मंद विद्यार्थ्याला धडा मोठ्याने सांगावा तशी वृद्धांसाठी इन्फ्लुएंझाच्या लशीची मात्रा काही देशांत वाढवली जाते, आणि नागीण व न्यूमोनियावरील लसी मुद्दाम उतारवयात सुचवल्या जातात. कोविडच्या काळात चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने वृद्धांना बीसीजी देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या रक्तातील स्मृतिपेशी वाढलेल्या दिसल्या. शरीराची यौवनलोपी ग्रंथीच पुन्हा फुलवण्याचे प्रयत्न अद्याप अगदी थोड्या माणसांवर झालेले आहेत.

बिब्ब्याचा धंदा या सर्व शोधांपासून दूर, आपल्या गतीने चालत आला आहे. जंगलातून वेचलेली फळे सुकवून, दगडावर एकेक ठेवून फोडायची आणि गर न तुटता काढायचा, हे काम बहुधा बायकांच्या हाती असते. तेल उडते, बोटे काळी पडतात, फोड उठतात, आणि बाजारात किलोने विकल्या जाणाऱ्या गोडंबीच्या दरात त्याचा हिशोब धरलेला नसतो. चरकाच्या विधीत काढा पिणाऱ्याने तोंडाला तूप लावावे असे आहे. बिब्बा फोडणारी बाई बसण्यापूर्वी हातांना तेल आणि राख लावून घेते.