परम सगळ्यांना आठवतो, पारस कुणालाच नाही

पुण्यात शिकलेल्या बहुतेकांना परम महासंगणकाची गोष्ट तोंडपाठ असते. अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे संगणक दिला नाही. दिल्लीला हवामानाच्या अंदाजासाठी त्याहून लहान क्रे दिला, तोही अटी घालून. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, डॉ. विजय भटकरांच्या हाती काम आलं, तीन वर्षांची मुदत ठरली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. ‘नाही म्हणालात ना? आता बघा!’ छापाच्या गोष्टी आपल्याला आवडतात, आणि ही तर खरीही आहे.

पण मी सॉफ्टवेअरवाला. यंत्र उभं राहिलं म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो, त्याच्यावर प्रोग्रॅम लिहायचे कसे? या प्रश्नाचं एक उत्तर तेव्हा सी-डॅकनेच तयार केलं होतं. त्याचं नाव पारस. हिंदीतला पारस म्हणजे आपला परीस. परमच्या फोटोंची कमी नाही; पारसबद्दल मात्र दोन ओळी सापडल्या तरी नशीब.

पारसची गरज का पडली हे कळायला आधी यंत्राच्या पोटात डोकवावं लागेल. परम ८००० मध्ये एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलची इनमॉस ही कंपनी ट्रान्सप्युटर नावाची चिप बनवायची. तिचं टी८०० हे मॉडेल बाजारात विकत मिळायचं, आणि अशा ६४ चिपांची मोट बांधून परम तयार झाला. प्रत्येक चिपची मेमरी तिची तिची. शेजारच्या चिपच्या मेमरीत काय आहे हे तिला दिसत नाही. हवं असेल तर निरोप पाठवून मागवायचं. निरोपांसाठी प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार तारा जोडायची सोय होती. चारच.

आता समजा, भारताच्या नकाशावर हवामानाचं गणित करायचं आहे. नकाशाचे ६४ चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चिपला एक चौकोन द्यायचा. पण विदर्भावरचा ढग विदर्भातच थांबत नाही! म्हणून गणिताच्या प्रत्येक पायरीनंतर प्रत्येक चिपने आपल्या चौकोनाच्या कडांवरचे आकडे शेजाऱ्यांना द्यायचे, त्यांचे घ्यायचे, मग पुढची पायरी. शेजारी चार, तारा चार, इथवर छान जमतं. पाचव्याशी बोलायची वेळ आली की निरोप मधल्या चिपांमधून पुढे ढकलावा लागतो, आणि ही हमाली प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडते. कुठलं काम कुठल्या चिपवर, कुठला निरोप कुठल्या तारेवरून, हे सगळं लिहून द्यायचं. ट्रान्सप्युटरसाठी इनमॉसने ऑकम नावाची वेगळी भाषाच काढली होती. टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावर ती बेतलेली होती. पाठवणारा आणि घेणारा दोघे तयार असतील तेव्हाच निरोप पोचणार, असा तिचा नियम. भाषा सुंदर होती, पण शास्त्रज्ञांचे वर्षानुवर्षांचे प्रोग्रॅम होते फोरट्रानमध्ये.

शिवाय अडकण्याची भीती कायम. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावला की दोघांनाही ‘व्यस्त आहे’ ऐकू येतं, तसंच इथे होतं. दोन्ही चिपा एकमेकींना निरोप द्यायला उभ्या राहतात, घ्यायला कुणीच नाही, आणि ६४ चिपांचं यंत्र ढिम्म. एरर नाही, काही नाही. फोनवर निदान कुणीतरी एक जण ठेवून देतो.

आणि हे सगळं निभावलं तरी वेग ६४ पट होईलच असं नाही. दहा जणी पोळ्या लाटायला बसल्या आणि पुरणयंत्र एकच असलं, तर विसावी बाई आणून काय उपयोग? जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच. कामाचा ५ टक्के भाग जरी एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर हजार प्रोसेसर लावा, वेग २० पटींच्या वर जाणार नाही. पुरणयंत्र नेमकं कुठे अडलंय हे शोधून देणारी साधनं नसतील तर शास्त्रज्ञ दोन आठवडे डोकं फोडतो आणि आपल्या जुन्या संगणकाकडे परत जातो. यंत्राचा वेग मोजला जातो, त्या दोन आठवड्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

कम्पायलर, निरोपांची लायब्ररी, चुका शोधायची साधनं हे पारसचं काम. माझ्या मते परमची खरी लढाई इथे होती. चिपा पैसे मोजून मिळत होत्या. हे विकत आणून भागणारं नव्हतं.

मग पारसचं पुढे काय झालं? यंत्राखालची जमीनच सरकत राहिली. १९८९ मध्ये इनमॉस विकली गेली. टी९००० ही तिची पुढची चिप रखडली आणि आली तेव्हा उशीर झाला होता. सी-डॅकने परम ८६०० मध्ये गणिताला इंटेलचा आय८६० घेतला आणि ट्रान्सप्युटरकडे फक्त निरोप्याचं काम ठेवलं. १९९४ च्या परम ९००० मध्ये स्पार्क प्रोसेसर आले, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क. दर वेळी खालचं यंत्र नवं, म्हणजे वरच्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग पुन्हा लिहा. सगळ्या जगात हेच चाललं होतं. प्रत्येक कंपनीची निरोप पाठवायची पद्धत वेगळी, आणि कंपनी बुडाली की त्या पद्धतीत लिहिलेले प्रोग्रॅमही तिच्याबरोबर बुडायचे.

यावरचा उतारा निघाला तो बैठकांमधून. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्सबर्ग गावात एक कार्यशाळा भरली. पुढच्या वर्षी चाळीसेक संस्थांची साठेक माणसं दर सहा आठवड्यांनी डॅलसच्या एका हॉटेलात जमायची. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे लोकही त्यांत होते. निरोप कसा पाठवायचा याची एकच पद्धत ठरवायची होती. सुरुवातीचा मसुदा लिहिणाऱ्यांत साउदॅम्प्टनचे टोनी हे होते. युरोपातल्या ट्रान्सप्युटरच्या यंत्रांवर काम केलेला माणूस. १९९४ मध्ये एमपीआय हे मानक प्रसिद्ध झालं. मानक म्हणजे कागदच, आणि कागदाला कोण विचारतो? पण अरगॉन प्रयोगशाळेतल्या बिल ग्रॉप आणि रस्टी लस्क यांनी बैठका चालू असतानाच ते चालवून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. कागद आला तेव्हा सॉफ्टवेअर तयार होतं. त्याच वर्षी नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी लिनक्सवर जोडून बेओवुल्फ नावाचा क्लस्टर बांधला. स्वस्त यंत्रं आणि फुकट एमपीआय एकत्र आल्यावर घरची वेगळी पद्धत चालवण्यात फारसा अर्थ उरला नाही. परम १०००० वरही सी-डॅकने आपल्या हाताने लिहिलेलं एमपीआय बसवलं.

एमपीआयमध्ये शंभराहून जास्त फंक्शन्स आहेत, पण सहा आली तरी काम भागतं. सुरू करा, एकूण किती जण आहोत, त्यात माझा नंबर कितवा, पाठव, घे, बंद करा. नोकरीत मला जो फोरट्रान प्रोग्रॅम सांभाळायला मिळाला, त्याच्या वरच्या कॉमेंटमध्ये १९९६ साल आहे, म्हणजे तो माझ्याहून मोठा. त्यातली ‘पाठव’ आणि ‘घे’ची वाक्यं आजच्या क्लस्टरवर एक अक्षर न बदलता चालतात. तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते केव्हाच भंगारात गेलं असणार. लिहिणाऱ्याची मेहनत मात्र अजून रोज चालते आहे, आणि त्याला हे बहुधा माहीतही नाही.

पारस लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. ते एमपीआयच्या आधीच्या काळात सापडले, यात त्यांचा काय दोष? त्यांचं काम वाया गेलं असंही मी म्हणणार नाही, कारण निरोप कुठे अडकतात हे ज्यांना हाताने शोधावं लागलं, त्यांच्याच संस्थेने पुढे स्वतःचं एमपीआय लिहिलं. पण त्यांची गोष्ट सांगायला रिबन कापण्याचा फोटो नाही, म्हणून ती राहून गेली.

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये मंजूर झालं, ४,५०० कोटींचं. त्यातला परम ब्रह्म पुण्यातच, आयसरमध्ये आहे. आता अशा यंत्रांवर लिनक्स असतं, हवा तो कम्पायलर एका आज्ञेत लोड होतो, काम रांगेत लावलं की नंबर आला की चालतं, आणि निरोपांना एमपीआय. परदेशातून आलेला विद्यार्थी इथे पहिल्याच दिवशी कामाला लागू शकतो. त्याला नवं काही शिकावं लागत नाही, याची बातमी कधी होत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगाच्या टॉप ५०० यादीत ६३ वा आला आणि पेपरांनी तो आकडा ठळक छापला. या यंत्राचा वेग एनव्हिडियाच्या जीपीयूंमधून येतो. एका जीपीयूकडून दुसरीकडे निरोप न्यायचे अनेक मार्ग आहेत, त्यांतला एक अजूनही एमपीआय. पण जीपीयूच्या आतलं गणित आज माझ्या वयाची बहुतेक मुलं कुडामध्ये लिहितात. कुडा २००७ पासून आहे, आणि ती एकाच कंपनीच्या चिपांसाठी आहे.