तुरळक ठिकाणी गारपीट

वर्धा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तरीही दर काही वर्षांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येते. वावरात गारांचा पांढरा थर, ओंजळीत गारा घेऊन उभी असलेली पोरे, आणि खाली ओळ : ‘विदर्भाचे झाले काश्मीर’. ही ओळ लिहिणाऱ्याला त्या थराखाली काय आहे ते दिसत नसावे. त्या दिवसांत हरभरा एकतर घाटे भरून उभा असतो, नाहीतर सोंगून खळ्यावर आलेला असतो. गहू ओंबीवर असतो. शेवटच्या वेच्याचा कापूस पऱ्हाटीवर फुटलेला असतो. आष्टी, कारंजा, आर्वीकडे संत्र्याच्या एखाद्या बागेत मृग बहराची फळे तोडणीला आलेली असतात, तर शेजारच्या बागेत आंबिया बहर नुकताच धरत असतो. दहा मिनिटांची गार दोन्ही घेऊन जाते. आमचे हिवाळी वादळ ते हेच.

या वादळाचा अंदाज कोणी आणि कसा बांधायचा, हा प्रश्न हवामान खात्याहून जुना आहे. आमच्या भागात त्यासाठी एक स्वतंत्र माणूस असे. त्याचे नाव मी लहानपणी ऐकले ते थट्टेत. काम सोडून आभाळाकडे बघत उभ्या राहिलेल्या पोराला आजी म्हणे, ‘काय गारपगाऱ्यावानी वर पाहून राहिला रे?’ या शब्दामागे एक अख्खा समाज आहे, हे कळायला मला पस्तिशी उलटावी लागली. नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या चार खंडांपैकी (१९१६) तिसरा खंड मिळाला, आणि त्यात आजीचा शब्द सापडला.

गारपगारी मूळचे नाथजोगी. १९११च्या गणतीत त्यांची संख्या नऊ हजारांच्या आसपास होती आणि वस्ती मुख्यतः मध्य प्रांताच्या मराठी जिल्ह्यांत. गावाच्या पिकावरची गार टाळणे हे त्यांचे काम, आणि इतर गावकामगारांप्रमाणे त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्य मिळे. रात्री आभाळ धूर आणि जाळ मिसळल्यासारखे काळे-तांबडे दिसले, की गार येणार हे गारपगारी ओळखी. मग तो तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही. आधी विनवणी करी. ढग हलले नाहीत तर अंगावरचे कपडे फेकून, मी इथेच जीव देतो म्हणून देवाला धमकावी. कधी बायकामुलेही सोबत उभी राहत. पूर्वी तो स्वतःवर वार करून घेई, आता बोटातून थोडे रक्त काढण्यापलीकडे जात नाही, असे पुस्तकात म्हटले आहे. याहून भयंकर गोष्टीही तिथे आहेत, पण त्या ‘पूर्वी असे होत असे’ या सुरातल्या आहेत. वसाहतकाळातल्या साहेबी ग्रंथांतील या सुरावर मी फारसा विसंबत नाही.

हे वाचून हसू येणे सोपे आहे. म्हणून त्याच काळातल्या युरोपची एक हकिगत सांगतो. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टीगर नावाचा द्राक्षबागाईतदार होता. १८९६ साली त्याने ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. भल्यामोठ्या लोखंडी कर्ण्यासारख्या या तोफांत गोळा नसे, नुसती दारू. आवाजाने आणि धुराच्या वलयाने गार फुटते अशी समजूत. त्याच्या गावावर दोनेक वर्षे गार पडली नाही, एवढा पुरावा पुरला. १९००पर्यंत इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या, आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. शेवटी सरकारी देखरेखीखाली चाचणी झाली, तेव्हा तोफा धडधडत असतानाच बागांवर गार कोसळली. प्रकरण तिथे संपायला हवे होते. पण २०१०च्या सुमारास शिमला जिल्ह्यातल्या सफरचंदांच्या पट्ट्यात अशाच जातीच्या नव्या तोफा सरकारी खर्चाने बसल्या. तेव्हा आमच्या गारपगाऱ्याला एकट्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्याचे साधन तरी स्वस्त होते.

गार कोणाच्या रक्ताने थांबत नाही, हे सांगायला माझी गरज नाही. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. गारपगारी एका गावाचा असे, त्याची जबाबदारी एका शिवारापुरती असे. गाव झोपलेले असताना आभाळावर नजर ठेवणे त्याच्याकडे होते, आणि गार पडली तर जाब द्यायला तो त्याच गावात राहत होता. पुढे जी व्यवस्था आली ती अनेक बाबतींत शहाणी होती, पण या मापाची नव्हती.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १८६४चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ ही त्यामागची कारणे. म्हणजे खात्याचा जन्मच मोठ्या मापाच्या संकटांतून झाला : समुद्रावरचे वादळ, देशभराचा मान्सून. गारेकडे लक्ष गेले नाही असे मात्र नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादला गारांनी २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने घेतलेला हा आजही सर्वांत मोठा बळी आहे. खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या पंधरा वर्षांतल्या भारतातील गारपिटींचा अभ्यास १८९९मध्ये छापला. १९३२ साली पुण्यात एल. ए. रामदास यांच्याकडे कृषी हवामानाचा विभाग आला. १९४५पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्ता सुरू झाली. १९४८च्या जुलैत नागपूर केंद्र निघाले आणि ती वार्ता आमच्या घरांपर्यंत पोचली.

माझ्या वडिलांचा या वार्तेवर विश्वास नव्हता, पण ऐकल्याशिवाय ते जेवत नसत. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ हे वाक्य आले की ते रेडिओ बंद करून म्हणत, ‘म्हणजे यायला काहीच माहीत नाही.’ मीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. पण ‘तुरळक ठिकाणी’ हा गुळमुळीत शब्द नाही. खात्याच्या परिभाषेत त्याला ठरलेला अर्थ आहे : त्या हवामान उपविभागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर. विदर्भ हा अकरा जिल्ह्यांचा एक उपविभाग. त्यातल्या मूठभर गावांना गारेने झोडपले आणि उरलेली हजारो गावे कोरडी राहिली, तर अंदाज पूर्ण बरोबर ठरतो. त्या हजारो गावांत मात्र तो खोटा ठरतो, आणि झोडपलेल्या गावाला तो आधी खरा वाटलेला नसतो. खाते आणि शेतकरी यांच्यात शंभर वर्षे चाललेल्या कुरबुरीचे मूळ मला इथे दिसते. दोघांची वाक्ये एकच, गावे वेगळी.

यात खात्याची हलगर्जी कमी आणि गारेचा स्वभाव जास्त. हिवाळा सरताना वायव्येकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभासोबत उंचावरची हवा थंड होते. खालून बंगालच्या उपसागराकडचे दमट वारे येतात. दुपारी जमीन तापली की ही दमट हवा उसळून वर जाते, आणि ढगातले थेंब गोठणबिंदूच्या वर पुन्हा पुन्हा झेलले जाऊन त्यांची गार होते. अशी स्थिती येणार हे दोन-चार दिवस आधी सांगता येते. पण त्यातला कोणता ढग कुठल्या शिवारावर फुटेल, हे ढग तयार होईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. गारेचा पट्टा कधी दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो. आमच्या धुऱ्याच्या अलीकडचा गहू झोपलेला आणि पलीकडचा ताठ, हे मी स्वतः पाहिले आहे. पलीकडच्या शेतकऱ्याला त्या दिवशी आमच्याशी काय बोलावे ते सुचेना.

२०१४ सालच्या गारपिटीत हे सगळे एकदम उघडे पडले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र असे करत ती पंधरा दिवसांहून अधिक फिरत राहिली. त्यातच ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मदतीच्या घोषणेलाही परवानगीचा फेरा आला. बारामतीजवळच्या माळेगावच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्याच वर्षी गारपिटीवर एक पुस्तिका काढली. गारेनंतर काय करावे यावर ती नेमके बोलते. गार येण्याआधी काय करावे यावर कोणालाच फार बोलता येत नाही.

अलीकडे एक बदल झाला आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. नागपूरला डॉप्लर रडार आहे, वर्धा त्याच्या टप्प्यात येते. तयार झालेला ढग त्यात दिसतो आणि पुढच्या तीन तासांपुरता इशारा निघतो. खात्याच्या भाषेत हा नाऊकास्ट. तीन तासांत गहू कापून होत नाही. पण खळ्यावरच्या हरभऱ्यावर ताडपत्री पडते, तुरीची सुडी झाकली जाते, जनावरे गोठ्यात येतात, माणसे वावरातून घरी येतात. गारपगाऱ्याला रात्रीच्या आभाळात जे दिसे, ते साधारण याच अंतरावरचे होते. फरक असा की इशारा जिल्ह्याच्या नावाने येतो. संध्याकाळी कधीतरी मोबाइल वाजतो, आणि आपल्या आठ तालुक्यांपैकी तो कोणाला उद्देशून आहे हे विचारायला गावात कोणी नसते. पोलीस पाटील, कोतवाल, ग्रामसेवक, कृषी सहायक, यांच्यापैकी कोणाच्याही कामाच्या यादीत रडारचे चित्र पाहून गाव जागे करणे बसत नाही.

मापाचा हा घोळ भरपाईतही आहे. २०१६च्या खरिपापासून आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ‘स्थानिक आपत्ती’ धरली होती. ७२ तासांत कळवायचे आणि त्या एका शेताचा पंचनामा व्हायचा. कळवताना लोकांचे काय हाल होत ते वेगळे, पण कल्पना गारेच्या मापाची होती. २०२५च्या खरिपापासून राज्याने स्थानिक आपत्तीचे ते कलम वगळले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. मंडळात पुष्कळ गावे असतात. दोन किलोमीटरचा पट्टा त्या सरासरीत बुडून जातो. उरतो तो सरकारी मदतीचा पंचनामा, ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर.

गारपगारी हे नाव आज भटक्या जमातींच्या यादीत आहे. रसेलच्या वेळीच त्यांच्या कामावरचा विश्वास उडत चालला होता आणि बरेच जण शेतीकडे व मजुरीकडे वळले होते. देवळी तालुक्यातल्या एका गावी या समाजातल्या एका वृद्धांशी मी बोललो. तलवारीबद्दल त्यांनी ऐकले होते, पाहिले नव्हते. त्यांची स्वतःची दीड एकर ओलिताची जमीन, त्यात चणा. गेल्या हंगामात काय झाले विचारले, तर म्हणाले, ‘आमच्याकडं नाही आली. नाल्यापलीकडं आली.’ आणि हरभऱ्याची गंजी ज्या ताडपत्रीने झाकली होती, ती घडी करून ठेवलेली दाखवायला मला आत घेऊन गेले.